बीकॉमनंतर फॅशनची धंद्याची बाजू शिकायची आहे, घरचे म्हणतात तुला चित्र कुठं काढता येतं?

सुईदोरा_सोलापूर:
नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, यंदा बीकॉम झालं. पप्पांचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, १४ मशीन. लहानपणापासून काज-बटण करत करतच अभ्यास केलाय म्हटलं तरी चालेल. मला निफ्टचं (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट करायचंय, खारघरचं कॅम्पस मिळालं तर बरं. पण घरी फॅशन म्हटलं की डिझायनर आणि रॅम्प एवढंच डोळ्यासमोर येतं, आई म्हणते तुला साधं फूल काढता येत नाही आणि पप्पा म्हणतात धंदा शिकायला कॉलेज कशाला, मी आहे की. मला डिझाइन नकोच आहे हो, माल किती काढायचा, कुठल्या भावाला विकायचा, पैसा कुठं अडकतो ते शिकायचंय. दोन वर्षं आणि एवढी फी घालण्यासारखं आहे का? खरं सांगा.

पीपी_सॅम्पल:
ताई, मी आधी एका बाइंग हाऊसमध्ये (परदेशी बायरसाठी इथल्या फॅक्टऱ्यांकडून माल करून घेणारी कंपनी) मर्चंडायझर होतो, म्हणजे ऑर्डर वेळेत पार पाडणारा, नऊ वर्षं. चित्र एकदाही काढलं नाही. आमचं काम म्हणजे टी अँड ए (टाइम अँड अ‍ॅक्शन) कॅलेंडर, म्हणजे कापड कधी येणार, रंगाचा लॅब डिप (रंगवलेला नमुन्याचा तुकडा) कधी पास होणार, फिट सॅम्पल (माप बघायचा नमुना), साइज सेट (प्रत्येक साइजचा नमुना), पीपी सॅम्पल (माल काढण्याआधीचा शेवटचा नमुना), मग कटिंग, आणि माल जहाजावर कधी चढणार. प्रत्येक तारीख मागच्या तारखेला बांधलेली. एकदा फक्त बटणाची शेड थोडी पिवळट आली म्हणून बायरनं सॅम्पल परत पाठवलं, नवी बटणं यायला अकरा दिवस गेले, जहाज चुकलं आणि फॅक्टरीला स्वतःच्या खर्चानं माल विमानानं पाठवावा लागला. त्या ऑर्डरचा नफा तिथंच संपला. बटण असेल दीड रुपयाचं. हे सगळं मी मार खाऊन शिकलो, कोणी आधी बसवून शिकवलं असतं तर चार वर्षं वाचली असती असं मला मनापासून वाटतं. तेव्हा कोर्स वाया जात नाही.

मंगळवार_बाजार:
माझं तालुक्याच्या गावी रेडीमेडचं दुकान, २२ वर्षं झाली. पोरी तुला एक हिशोब सांगतो तो वहीत लिहून ठेव. समज शर्ट तुम्हाला ३०० ला पडला, कापड, कॉलर कडक करायचं फ्यूजिंग, शिलाई, इस्त्री, पॅकिंग सगळं धरून, आणि तुम्ही तो दुकानदाराला ४०० ला देता. १०० शर्ट काढले म्हणजे ३०,००० घातले. आता ७५ शर्ट विकले तेव्हा कुठं तुमचे ३०,००० परत आले, नफा शून्य. म्हणजे सगळा नफा शेवटच्या २५ नगांत आहे. आणि शेवटी उरतं काय? ३६ आणि ४६ साइज. ३८-४०-४२ पहिल्या पंधरवड्यात गेलेलं असतं. नफा गोणीत बांधून माळ्यावर पडलेला असतो आणि आपण म्हणतो धंदा चांगला झाला. मला हे कळायला दहा वर्षं लागली, तोवर माळा भरला होता.

दुसरं उधारीचं. मी आधी थोडा माल शिवून एका मोठ्या दुकानाला द्यायचो, त्यांनी पाच महिने पैसे लटकवले, मी व्याजाने काढून कारागिरांचे पगार केले. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का बघ. लहान उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं, मुदत चुकली तर घेणाऱ्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. हे बिलावर छापून टाका, वसुलीत फरक पडतो.

खारघर_लोकल:
मी हाच कोर्स केलाय, मराठी मीडियमची आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, चित्रकलेची परीक्षा या कोर्सला नसते (आईंना हे आधी सांग!). लेखी परीक्षेत गणित, इंग्रजी, तर्क, चालू घडामोडी आणि मग मुलाखत. मुलाखतीत डिझायनरांची नावं पाठ करून जाऊ नकोस, पप्पांचं युनिट सांग. जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून कापड महिनोन्महिने आधी भरायचं, पैसा मात्र जुलैत येणार, हे ज्यानं घरात पाहिलंय त्याला वर्किंग कॅपिटल (धंद्यात फिरवायला लागणारा पैसा) शिकवावं लागत नाही.

वरच्या काकांनी सांगितलं त्यालाच आम्ही सेल-थ्रू म्हणायचो, म्हणजे काढलेल्या मालातला किती हिस्सा विकला गेला. झारा या कपड्यांच्या ब्रँडचं उदाहरण वर्गात खूप चालायचं. त्यांचा बराच माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान असा जवळपास शिवला जातो, शिलाई महाग पडली तरी, कारण थोडा काढायचा, काय खपतंय बघायचं आणि मग पुन्हा काढायचा. शिलाईत वाचवलेले पैसे उरलेल्या मालात जातात हे त्यांनी धरलेलंच आहे. तुमचं युनिट तर गिऱ्हाइकाच्या शेजारीच आहे ताई! फक्त एक कर, अ‍ॅडमिशनच्या आधी पप्पांची मागच्या हंगामाची साइजवार विक्री काढ. कोर्समध्ये शिकवलेलं टेकायला जागा लागते.

सुईदोरा_सोलापूर:
सगळ्यांचे खूप आभार. काकांचा हिशोब रात्री जेवताना पप्पांना वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, हात धुऊन शिडी लावली आणि म्हणाले चल मोजू. २८ नंबरच्या हाफ पँट ६४ निघाल्या, तीन वर्षांच्या मिळून, त्यातल्या एका शाळेनं तर रंगच बदललाय. पप्पा म्हणाले, दरवर्षी कटिंग मास्तर सगळ्या साइज सारख्याच कापतो, मी कधी विचारलंच नाही. आता वही घेऊन बसलोय, ३० आणि ३२ चं बाकी आहे. फॉर्म भरायचा की नाही यावर घरात परत वाद झालेला नाही, पप्पांनी परीक्षेची तारीख मात्र विचारली.

मंगळवार_बाजार:
त्या ६४ मधल्या चालू रंगाच्या वेगळ्या काढ आणि यंदा २८ कापायलाच लावू नकोस. जुन्या रंगाच्या माझ्याकडं पाठव, बाजाराच्या दिवशी घरात-शेतात घालायला म्हणून जातील, भाव फोनवर ठरवू.