बिल्डरच्या पत्रात ‘ऑफ’ की ‘अगेन्स्ट’?

सचिव: टेरेसच्या गळतीचं पत्र ग्रुपवर टाकलं आहे. विषय ‘कम्प्लेंट ऑफ बिल्डर’. उद्या स्पीड पोस्टनं पाठवून राहिलो. काही बदल असेल तर रात्रीपर्यंत सांगा.

बी-२०२: मस्त झालं भाऊ. पाठवून द्या.

बी-४०१ काकू: थांबा जी. ‘कम्प्लेंट ऑफ बिल्डर’ वाचलं की बिल्डरनंच तक्रार केली असं वाटते. ‘कम्प्लेंट अगेन्स्ट द बिल्डर’ करा.

सचिव: पण आपण ‘बिल्डरची तक्रार’च म्हणतो ना काकू?

बी-४०१ काकू: म्हणतो, आणि मराठीत ते चालतेही. बिल्डरनं केलेली असो की बिल्डरविरुद्ध, ‘ची’ दोन्हीकडे बसते, बाकी संदर्भावरून कळते. म्हणूनच आपण इंग्रजीत सगळीकडे ‘ऑफ’ लावतो. तिथे माणसाविरुद्ध असेल तर ‘अगेन्स्ट’, गळतीबद्दल असेल तर ‘अबाउट’, आणि ज्याच्याकडे तक्रार दिली त्याच्या आधी ‘टू’.

ए-१०३: आणि ‘रिझन ऑफ लीकेज’?

बी-४०१ काकू: ‘रिझन फॉर’. पण ‘कॉज’ घेतलं तर ‘कॉज ऑफ’. अर्थ जवळपास तोच, तरी सोबतचा शब्द वेगळा. यात तर्क शोधत बसू नका, नामासोबतच तो शब्दही पाठ करा. लर्नर्स डिक्शनरीत दोन्ही सोबतच दिलेले असतात. ‘डॅमेज’ आणि ‘सोल्युशन’पुढे ‘टू’ करा.

सचिव: ‘वी रिक्वेस्ट फॉर रिपेअर्स’ तर बरोबर आहे ना?

बी-४०१ काकू: तिथे ‘फॉर’ काढा. ‘अवर रिक्वेस्ट फॉर रिपेअर्स’ चालते, कारण तिथे ते नाम आहे. क्रियापद असलं की नुसतं ‘वी रिक्वेस्ट रिपेअर्स’. ‘डिमांड’चंही तसंच.

बी-२०२: काकू, बिल्डरला समजते हो सगळं.

बी-४०१ काकू: त्याला समजेल. पण रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत दोष कळवला, तर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते. नाही केली तर हेच पत्र महारेरापुढे जाईल. खर्चाची ओळ बघा. ‘ॲन इन्क्रीज टू २०,०००’ म्हणजे खर्च २० हजार झाला. आपला २० हजारांनी वाढला आहे, तर ‘ॲन इन्क्रीज ऑफ २०,०००’ पाहिजे. आणि कशात वाढ, ते सांगायला ‘इन द कॉस्ट’.

ए-१०३: बापरे, हे तर पैशाचंच काम आहे.

सचिव: नवीन मसुदा टाकला. ‘इंटरेस्ट’पुढे दोन्ही ठिकाणी ‘ऑन’ केलं.

बी-४०१ काकू: रकमेवरच्या व्याजाला ‘ऑन’ बरोबर. शेवटच्या ओळीत मात्र ‘इन द इंटरेस्ट ऑफ द रेसिडेंट्स’ ठेवा. तिथे रहिवाशांचं हित आहे, ‘ऑफ’च पाहिजे. मग पाठवा.