हनोकमध्ये राहिलं नाही म्हणजे कोरिया पाहिलाच नाही?

पाठदुखीग्रस्त:
परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं, 'हॉटेलात उतरून सोल पाहणारे म्हणजे कळसाला नमस्कार करून परत फिरणारे. एक रात्र तरी हनोकमध्ये, म्हणजे जुन्या कोरियन पद्धतीच्या कौलारू घरात, काढलीच पाहिजे.' सोडून देणार होतो, पण राहवत नाही.

आम्ही काढली हो ती रात्र. जानेवारीत, सोलच्या बुकचॉन या हनोकवस्तीत, बाहेर उणे नऊ. खोली एवढीशी, की दोन बॅगा आडव्या ठेवल्यावर माणसांनी उभंच राहायचं. जमिनीवर तीन बोटं जाडीची गादी आणि खाली ओन्दोल, म्हणजे खालून तापवलेली जमीन. पाठीचा पापड भाजला आणि नाक बर्फ! दारांना हानजी कागद, त्यामुळे शेजारच्या जर्मन जोडप्याचं भांडण भाषा न येताही नीट समजलं. संडास चौकापलीकडे. पहाटे तीनला चपला चाचपडत बर्फातून जाऊन या, मग संस्कृती सांगा. तेवढ्या पैशांत बरं हॉटेल मिळालं असतं. ज्याला हौस त्याने राहावं, बाकीच्यांना अडाणी कशाला ठरवता?

गोधडी:
ते कळसवालं वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. बुकचॉनच्या मुख्य गल्लीत संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना बंदी आहे. २०२५च्या मार्चपासून एक लाख वॉन दंड. मुक्कामी पाहुण्यांना मात्र सूट. दिवसा जिथे सेल्फीवाल्यांची जत्रा, तिथे सकाळी सातला मी एकटी होते. कौलांवर बर्फ, कुणीतरी फाटकासमोर झाडतंय, बास. हे तुमच्या पंधराव्या मजल्यावरून दिसलं असतं?

आणि भाजण्याचं म्हणाल, तर जमीन तापवणाऱ्या चुलीजवळची बाजू, आरॅन्मोक, सगळ्यात जास्त तापते. म्हणून ती वडीलधाऱ्यांना नाहीतर पाहुण्याला द्यायची रीत. मान मिळाला तर तक्रार करताय!

सुवॉनवासी:
बुकचॉनमध्ये चूल कुठली राहिली, ताई? जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप, मागे गॅसचा बॉयलर. माझ्या फ्लॅटमध्येही तेच आहे, तिसाव्या मजल्यावर. लाकडं घालून तापवणारी जुनी घरं आहेत, पण त्यासाठी हाहवेसारख्या गावाकडे जा. मधल्या काळात कोळशाच्या विटा जाळायचे, तेव्हा फरशीच्या भेगांतून विषारी वायू येऊन झोपेत माणसं जायची. इथल्या कोरियन म्हाताऱ्यांसमोर त्या 'अस्सल' ऊबेचं कौतुक करून बघा. काका, तुमच्या खोलीत भिंतीवर बटण असणार. फिरवायचं होतं.

पाठदुखीग्रस्त:
नव्हतं बटण.

पेठेतला:
मला एक कळत नाही. घरचा वाडा बिल्डरच्या घशात घालायचा आणि परक्याच्या वाड्यात झोपायला हजारो रुपये मोजायचे. त्यांनी जपलं, आपण विकलं. चौक, ओटी, कौलं आपल्याकडे नव्हती का? आमचा वाडा पाडला तेव्हा सागवानी खांब जुन्या बाजारात गेले. आता तिथे सात मजले आणि तळाला मोबाइलचं दुकान.

चौदा_बिऱ्हाडं:
आला मालकपक्ष! वाड्याच्या आठवणी काढणारे नेहमी पुढच्या माडीवरचे असतात. आम्ही मागच्या दोन खोल्यांत सहा जण. चौदा बिऱ्हाडांत दोन संडास, आईने बाविसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत बादली घेऊन रांग लावली. पाडला त्या दिवशी तिने पेढे वाटले.

पेठेतला:
आणि भाडं किती होतं, तेही सांगा की. आमच्याकडे एक जण महिना अठरा रुपये द्यायचे, तेही उपकार केल्यासारखे. त्यात कौलं शाकारायची कशी? वाडे कायद्याने मारले, आम्ही नाही.

चौदा_बिऱ्हाडं:
अठरा रुपयांत गळकं छप्परच मिळणार होतं, ते मिळालं. रडू नका.

गोधडी:
विषय हनोकचा आहे!

सुवॉनवासी:
पेठेतले, 'त्यांनी जपलं' म्हणताय म्हणून सांगतो. तुमचं लाडकं बुकचॉन बरंचसं एका बिल्डरचंच काम आहे. जंग से-ग्वॉन. १९२०-३० च्या दशकांत त्याने सरदारांच्या मोठमोठ्या हवेल्या घेतल्या, त्यांच्या जागेचे बारके तुकडे पाडले आणि ओळीने छोटे हनोक बांधून मध्यमवर्गाला विकले. काचेच्या खिडक्या, पत्र्याचे पन्हाळे, सगळं तेव्हाचं नवं. पण तेव्हा जपानचं राज्य, जपानी वस्ती उत्तरेकडे सरकत होती, ती या घरांनी अडवली असं इथे मानतात. कोरियन भाषेच्या संस्थेला त्याने इमारतही दिली. खोल्या लहान का, तर प्लॉटच लहान.

पेठेतला:
ठीक आहे, असा बिल्डर मिळाला असता तर आम्हीही दिला असता. आमच्याकडे आला त्याने पार्किंगसुद्धा दिलं नाही.

चौदा_बिऱ्हाडं:
चला, एकदा तरी एकमत. आम्हालाही नाही दिलं.

पाठदुखीग्रस्त:
बायकोने जुने फोटो काढून दाखवले. बटण होतं. त्यावर आम्हीच थर्मल वाळत घातले होते. आकडा ३४. पण संडास चौकापलीकडेच होता, ते मी सोडणार नाही.