कॅरव्हॅनच्या दाराला ऑनिंग कोणता?

लातूरकर: दादाहो, गाडीमागं ओढायची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलीय. दारापुरता ऑनिंग, म्हणजे तिला जोडायचा कापडी तंबू, पाहिजे; आई तिथंच भाकरी थापणार म्हणते. हवा भरून उभा राहणारा घ्यावा का खांबाचा? मे महिन्यात पैठणला मुक्काम आहे.

परभणीकर: खांबाचा. हवेचा झटक्यात उभा राहतो, पण बाभळीचा काटा घुसला की बसला खाली! सपाट जागेवर जमिनीपासून कॅरव्हॅनवरच्या ज्या पट्टीत ऑनिंगची कड सरकवतात तिथपर्यंत उंची मोजा. दारापुरता, म्हणजे पोर्च ऑनिंग त्यावरच ठरतो. कॅरव्हॅनभोवतीचं माप तिच्या पूर्ण लांबीच्या ऑनिंगला लागतं.

बीडची ताई: कापड अ‍ॅक्रिलिकचं बघा, कोंदत नाही. साधं पॉलिस्टर हलकं, पण उन्हानं लवकर विरतं. अन् बंद ऑनिंगमध्ये शेगडी नकोच, विषारी वायू साचतो. आईंना भाकरी बाहेर थापू द्या.

लातूरकर: वळवाच्या वाऱ्याचं काय?

परभणीकर: आभाळ भरून आलं की उतरवायचा. भेगाळलेल्या काळ्या रानात खुंट्या धरत नाहीत, मुरमाड जागा बघा. खुंट्या लोखंडीच घ्या, प्लास्टिकच्या मुरमात मोडतात.