पक्षात नोंद नाही, तरी प्रायमरीत मत द्यावे का?

प्रश्न
मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो आणि मतदार यादीत माझ्या नावापुढे कोणत्याही पक्षाची नोंद नाही. परवा टपालाने आलेल्या पाकिटातून डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, मतपत्रिका निघाल्या. त्यांपैकी एकच परत पाठवायची. दोन्ही पाठवल्यास एकही मोजली जात नाही. 2016 मध्ये राज्यात जनमताने मंजूर झालेल्या प्रस्ताव 108 ने पक्षात नोंद नसलेल्यांना ही मुभा दिली आहे, तेव्हा प्रश्न कायद्याचा नसून औचित्याचा आहे. ज्या पक्षाशी माझा काहीही संबंध नाही, त्याचा उमेदवार मी का ठरवावा?

प्रतिसाद 1
ठरवू नये, असे माझे मत आहे. कॅलिफोर्नियाने कोणत्याही मतदाराला कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देण्याची सोय केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी ती रद्द केली, कारण आपला उमेदवार निवडणे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा गाभा आहे. शिवाय प्रतिस्पर्धी पक्षाचा दुबळा उमेदवार मुद्दाम पुढे करण्याचा मोह कोणाला होणार नाही, याची हमी कोण देणार?

प्रतिसाद 2
तो निकाल पक्षावर केलेल्या सक्तीविरुद्ध होता. 1986 मध्ये कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाला स्वतःहूनच पक्षात नोंद नसलेल्या मतदारांना प्रायमरीत बोलवायचे होते, राज्याचा कायदा आड आला, आणि न्यायालयाने पक्षाचीच बाजू घेतली. प्रस्ताव 108 मध्येही, पक्षाच्या राज्य समितीच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी ठरवल्यास पक्षाला प्रायमरीऐवजी अन्य मार्गाने उमेदवार निवडण्याची तरतूद होती. राहिला संबंधाचा प्रश्न: इथे पक्षाचा नोंदणीकृत मतदार म्हणजे अर्जावर एका चौकटीत खूण केलेला माणूस. तो वर्गणी भरत नाही, सभेला गेलाच पाहिजे असेही नाही. त्याचा आणि तुमचा फरक त्या खुणेपुरताच आहे. मात्र ज्याला नोव्हेंबरमधील मुख्य निवडणुकीत मत देण्याची तुमची खरोखर तयारी असेल, त्यालाच आता द्यावे. तेवढे पथ्य पाळले की पहिल्या प्रतिसादातील शंकेला जागा उरत नाही. आणखी एक, तुम्ही कोणाला मत दिले हे गुप्त राहते, पण कोणत्या पक्षाची पत्रिका परत पाठवली याची नोंद सार्वजनिक असते.

प्रश्नकर्ता
नोंदीचे मला ठाऊक नव्हते. तरी त्याची फारशी अडचण वाटत नाही. आमच्या मतदारसंघात एकच पक्ष वर्षानुवर्षे मोठ्या फरकाने जिंकतो, त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत थांबल्यास निर्णय होऊन गेलेला असतो. त्याच पक्षाची पत्रिका भरायला घेतली आहे.