रुग्ण म्हणून आपले हक्क, आपली जबाबदारी : गोव्यातले अनुभव लिहा

डिचोलीची लेक
काल जावेला घेऊन ओपीडीत बसले होते. भिंतीवर रुग्णांच्या हक्कांचा फलक होता. तो वाचताना आईचं ऑपरेशन आठवलं. आदल्या रात्री एक मुलगा इंग्रजी कागद घेऊन आला आणि म्हणाला, इथे अंगठा लावा. आई रोज पोथी वाचणारी! तिने कागद बाजूला ठेवला. "काय कापणार ते आधी मराठीत सांग बाळा. मग सही करते, अंगठा नाही." तो बिचारा गेला आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या खाटेवर बसल्या, कागदाच्या मागे पित्ताशयाचं चित्र काढून दाखवलं, खडे कुठे आहेत, भूल कशी देणार, न केलं तर काय होईल, सगळं सांगितलं. आई त्या रात्री शांत झोपली. जागी होते ती मीच.
तुमचेही अनुभव लिहा. चांगले असतील तर आवर्जून.

फोंड्याची सिस्टर (निवृत्त)
तुझ्या आईला नमस्कार गं. वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण असं विचारणारं माणूस क्वचित भेटायचं. लोकांना वाटतं विचारलं तर डॉक्टर रागावतील. अहो, सही म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. बाई दुर्बिणीतून तपासणीला गेली होती, ती भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग तिला शुद्धीवर येऊ द्यायचं आणि तिलाच विचारायचं.
पण दुसरी बाजूही लिहिते, राग मानू नका. रुग्ण आमच्यापासून लपवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, सांगत नाहीत. गावठी पाल्याचा रस घेतलेला असतो, तो तर नाहीच नाही. मग टेबलावर घेतल्यावर रक्त थांबत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या, एवढं केलंत तरी पुष्कळ.

नेटवर्क नाही
आमच्याकडे फाईलच देत नाहीत. मेडिक्लेमला हवी आहे. रोज उद्या या.

वाळपईकर वकील
@नेटवर्क नाही, तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने कागद मागितले की 72 तासांत द्यायचे. झेरॉक्सचे पैसे घेतील, ते द्या. भांडू मात्र नका, काउंटरवरची मुलगी नियम करत नाही.

नेटवर्क नाही
देव बरें करूं. उद्याच जातो.

मांडवीपलीकडची
सासऱ्यांचं लिहू की नको करत होते. एका खासगी हॉस्पिटलात ते गेले, पहाटे. बिल बाकी होतं. पैसे भरल्याशिवाय मयत नेता येणार नाही म्हणाले. नवरा भिंतीला टेकून उभा, दीर दागिने गहाण ठेवायला निघालेला. शेजारच्या खाटेच्या नातेवाईकाने सांगितलं, असं अडवता येत नाही, बाकी रक्कम लेखी मान्य करा आणि पोलीस स्टेशनला फोन लावा. फोन हातात घेतला तसं दार उघडलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णांच्या 17 हक्कांची सनद काढली, त्यात हे स्पष्ट आहे, नंतर कळलं. पैसे आम्ही पुढे सगळे फेडले. बुडवायचे नव्हतेच.

फोंड्याची सिस्टर (निवृत्त)
@मांडवीपलीकडची, वाचून गलबलून आलं. त्या नातेवाईकाला पुण्य लागो.

कुंभारजुव्याचा
दीनदयाळ कार्ड, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, नव्हतं का त्यांचं? तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्याला मिळतं. पण दाखल होतानाच दाखवायला हवं, आणि नूतनीकरण चुकलं की संपलं. घरातल्या म्हाताऱ्यांचं आजच बघा.

दोडामार्गची सून
आमचं सगळं गाव बांबोळीलाच, गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ), जातं हो. राज्य वेगळं, दवाखाना एकच. पत्रादेवीच्या अलीकडे दिराचा अपघात झाला तेव्हा कोणीतरी अनोळखी रिक्षावाल्याने दवाखान्यात आणून सोडलं आणि पोलिसांच्या भीतीने न बोलता निघून गेला. त्याला शोधतोय अजून. त्याला कोणीतरी सांगा, जखमीला आणणाऱ्याला नावही सांगायची सक्ती नाही, अडवून ठेवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच आलं आहे.

वाळपईकर वकील
बरोबर. आणि जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून आहे. सरकारी असो की खासगी.

आल्तिनोचा आजो
बांबोळीचं नाव निघालं म्हणून. पूर्वी गोमेकॉ पणजीत मांडवीच्या काठाला होतं, आता तिथे इफ्फी चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. 1842 सालची संस्था ही, पोर्तुगिजांच्या काळची एस्कोला मेदिका. माझे आजोबा सांगायचे, डॉक्टर नदीकडे तोंड करून रुग्णांना खुर्चीत बसवायचे. खोटं असेल तरी मला आवडतं.

कुंभारजुव्याचा
आजो, त्या इमारतीचे फोटो असतील तर टाका.

गप्प बसणारी
पहिल्यांदाच लिहितेय. पुरुष डॉक्टर तपासणार असेल तर बाईने सोबत बाई मागायची, तो हक्क आहे. मी मागितली. नर्स आली, हात धरून उभी राहिली. एवढंच.

डिचोलीची लेक
@गप्प बसणारी, बरं केलंस लिहिलंस. लेकीला वाचायला देते.

साळगावची मावशी
मला वेगळं विचारायचंय. व्हेंटिलेटरवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवता येतं ना? आपल्याकडे उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी 2024 मध्ये केलं, गोव्यात पहिलं म्हणून पेपरात वाचलं. मला मरणाची घाई नाही, पण मुलांनी आयसीयूच्या दारात एकमेकांशी भांडू नये असं फार वाटतं.

वाळपईकर वकील
येतं, मावशी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने मान्य केलं, 2023 मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तुमच्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं घाला, आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे. मन बदललं तर केव्हाही रद्द करता येतं.

साळगावची मावशी
साक्षीला मुलगेच चालतील?

वाळपईकर वकील
त्यांची नावं बोलणाऱ्यांत घाला. साक्षीदार शक्यतो बाहेरचे असावेत. शेजारी चालतील.

साळगावची मावशी
मग खालच्या बाईंना आणि त्यांच्या यजमानांना सांगते. शुक्रवारी बाजाराला म्हापशाला जायचंच आहे, तेव्हाच उरकते. @डिचोलीची लेक, मयड्याची केळी आणू का तुझ्या जावेला?

डिचोलीची लेक
आणा मावशी, पण थोडी कच्ची बघा. डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितलीय, तिला एकच देईन. बाकीची भाजीला.