मदत हवी आहे: पुळणीवर गरवताना अंगावर कोणता चाकू ठेवता?

भरतीओहोटी:

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं गुहागरला आजोळी गेलो की पहाटे किंवा दिवेलागणीला पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) गरवतो, म्हणजे गळ टाकून मासे धरतो. बारा फुटी रॉड, ब्रेड लाईन (बारीक धागे विणून केलेली दोरी), पुढे तंगुसाचा (एकसंध नायलॉनच्या दोऱ्याचा) लीडर, शिसं आणि दोन गऱ्या, एवढाच संसार. मिळतात ते मुडदुशा, ढोमे आणि नको तितके शिंगाळे. नशीब असलं तर एखादी तांबोशी. होडी नाही, जाळं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून लांब फेकायचं आणि वाट बघायची.

प्रश्न चाकूचा आहे. माझ्याकडे कॉलेजपासूनचा एक घडीचा चाकू होता. ट्रेकला घेतलेला, दिसायला झकास. डिसेंबरात त्याने दोनदा दगा दिला. पहिल्यांदा माकूल कापताना बुळबुळीत हातातून मूठ फिरली आणि डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले. तो दोष माझाच, मी मासा तळहातावर धरून कापत होतो.

दुसरी गोष्ट मात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. अंधार पडत आला होता. वाहत आलेला फाटक्या जाळ्याचा तुकडा माझ्या लाईनीला अडकला, ती सैल पडली आणि परतणाऱ्या लाटेबरोबर तिचा वेढा माझ्या घोट्याला बसला. जाळं पाण्याने ओढलं जातंय, लाईन मांसात रुततेय, एका हातात रॉड. चाकू हाफ पँटच्या खिशात, तोही ओल्या. कसाबसा काढला तर उघडेना, बिजागरीत वाळू! शेवटी रॉड टाकून दोन्ही हातांनी वेढा सोडवला. पुढची लाट लहान होती म्हणून निभावलं.

आता नवीन घ्यायचाय. बजेट १५०० रुपये, फार तर २०००. डोक्यात असलेले प्रश्न:

घडीचा की सरळ पात्याचा? पातं किती लांब? 'स्टेनलेस' म्हणून घेतलेल्यालाही गंज का चढतो? कमरेला लावावा की पिशवीत ठेवावा? आणि पुण्याहून एसटीने नेताना कायद्याची काही भानगड?

ऑनलाइन बघायला गेलो तर सगळे रॅम्बोचे चाकू दिसतात.

आडाळो:

तुमका सुरी नेमकी कित्याक होयी तां आधी सांगा! मासो कापूक, लाईन कापूक, की जीव वाचवूक? तीनय कामां एका सुरयेन होवची नाय.

आमच्या घरी मासे कापायला आडाळो, म्हणजे तुमची विळी. दोन्ही हात मोकळे, मासा पात्याकडे जातो, पातं बोटांकडे येत नाही. वडील गरवायला जायचे तेव्हा त्यांच्याकडे फक्त तुटक्या करवतीच्या पात्याचा वीतभर तुकडा असायचा, अर्ध्याला सुतळी गुंडाळलेली. मासा घरी येऊन आई कापायची. समुद्रावर कापाकापी कशाला?

तंगूस:

आडाळोंशी शंभर टक्के सहमत. मीही आधी असाच चाकवांच्या मागे लागलो होतो, घरात सात पडलेत. आता काय वापरतो ते सांगतो.

लाईन कापायला कात्री. सैल ब्रेड गुळगुळीत धारेवरून नुसती घसरते, बारीक दातांच्या कात्रीत मात्र पहिल्या फटक्यात तुटते. गरी काढायला लांब चोचीची पक्कड. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी आणि दातेरी असतो, तिथे चाकू घेऊन खटपट करूच नका. पकडीने गरी धरा, उलटी फिरवा, मासा आपोआप सुटतो. फार खोल गिळली असेल तर तंगूस तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लागली तर तिला पुळणीवर ओढायचाही हट्ट नको, लाईन जमेल तितकी जवळून कापायची.

तिसरी वस्तू म्हणजे साइड कटर, तार तोडायची पक्कड. हे कुणी सांगत नाही. गरी स्वतःच्या हातात घुसली तर चाकू हे सगळ्यात वाईट हत्यार. आकड्यासकट (टोकामागच्या उलट्या दातासकट) टोक बाहेर आलं असेल तर ते कटरने तोडायचं आणि उरलेली दांडी मागे ओढायची. खोल असेल किंवा सांध्याजवळ असेल तर तशीच ठेवून दवाखाना गाठायचा.

एवढं झाल्यावर चाकूला उरतं काय? आमिष कापणं, मासा लगेच मारून रक्त काढणं, आणि तुमच्यासारखा वेढा बसला तर सुटका. या तिन्हीला ३ ते ४ इंचांचं सरळ, न घडणारं पातं पुरतं. घडीचा तर नकोच. वाळू, मीठ आणि बिजागरी यांचं कधी जमत नाही.

आणि आमिषाचं म्हणाल तर ते घरूनच कापून न्या. बांगड्याच्या किंवा तारलीच्या बोटभर पट्ट्या, वर जाडं मीठ, डबा फ्रिजमध्ये रात्रभर. मिठाने मांस आवळतं, लांब फेकल्यावर गरीवरून सुटून जात नाही. निम्मं कापणं तिथेच संपलं.

लोखंडी तवा:

स्टीलचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

'स्टेनलेस'चा अर्थ कमी डागाळणारं, डागच न पडणारं नव्हे. स्टीलमधलं क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतं, तो थर गंज अडवतो. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वरून एक काळा ठिपका दिसतो, आत पोखरलेलं असतं.

शिवाय धार टिकवायला कार्बन लागतो आणि हाच कार्बन काही क्रोमियम कार्बाइडमध्ये बांधून ठेवतो. म्हणजे मिळालेलं क्रोमियम सगळं गंजाशी लढायला मोकळं नसतं. चाकवांच्या ४४०सी नावाच्या स्टीलमध्ये क्रोमियम सुमारे १७ टक्के, पण कार्बनही १ टक्क्याच्या आसपास. उलट स्वस्त स्वयंपाकघरी सुऱ्यांचं १.४११६ नंबरचं स्टील घ्या: कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम १५ टक्के. धार लवकर जाते, पण समुद्रावर जास्त तगते. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या स्टेनलेस चाकवात १२सी२७ नावाचं स्टील असतं, ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम. उत्तम धार, पण धुवायचा आळस केला तर ठिपके येणारच.

जवळजवळ न गंजणारीही स्टीलं आहेत. एलसी२००एन मध्ये बराचसा कार्बन काढून नायट्रोजन घातलेला असतो. चाकू सुंदर. किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी वर, आणि लाटेत पडला तर तोंडातून काय शब्द निघतील ते इथे लिहिता येणार नाहीत.

गावच्या लोहाराने गाडीच्या पाट्याची केलेली सुरी धारेला बाप असते. पण ते स्टेनलेस नव्हे. खाऱ्या वाऱ्यावर एका रात्रीत लाल होतं. कोळणीची विळी गंजत नाही, कारण ती रोज चालते, रोज धुतली जाते. महिन्यातून एकदा गुहागरला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

नऊ नंबरी:

सगळे एवढुशा सुरीचं सांगताहेत. मी सात इंची फिले चाकू (माशाचं मांस काट्यावरून सोडवायचा) नेतो. रावस मिळाला तर जागीच दोन फाका करून बर्फात. घरी वास नको, बायकोची कटकट नको. एक मोठा घ्या आणि मोकळे व्हा.

तंगूस:

@नऊ नंबरी, बर्फाची पेटी, फळी आणि उजेड असेल तर जरूर. पण सात इंची लवचीक पातं कमरेला लावून लाटेत उभं राहू नका. ते पेटीत ठेवायचं हत्यार आहे.

हाडांची डॉक्टर:

गरवण्यातलं मला कळत नाही, नवरा गरवतो. पण हात शिवायचं काम माझं आहे. ओल्या मुठीवरून बोटं पुढे सरकून पात्यावर जाणं, ही माशाच्या चाकवाची नेहमीची जखम. टाक्यांवर निभावलं तर ठीक, आतला स्नायुबंध कापला गेला तर बोट वाकत नाही आणि शस्त्रक्रिया लागते. म्हणून मूठ खरखरीत रबरासारखी हवी आणि पात्यापाशी बोट अडेल असा उंचवटा हवा. गुळगुळीत लाकडी मूठ सुंदर दिसते, ओल्या हाताला ती चालत नाही.

टोक बोथट असेल तर उत्तम. लाट आली, तोल गेला की टोकदार चाकू कुठे घुसेल सांगता येत नाही. घोट्याचा वेढा कापायलाही बोथट टोक बरं, ते कातडी आणि लाईनीच्या मधून सरकतं.

शिंगाळा किंवा पाखट टोचली तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. वेदना उतरते. पाण्याचा अंदाज चांगल्या हाताने घ्या, टोचलेल्या नव्हे, नाहीतर भाजून येतात. पाखटीचा काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर उपटू नका, थेट रुग्णालय. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय ते आजच बघून ठेवा.

काळा कोट:

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात धारदार हत्यारांचा वर्ग आहे. त्यात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तुमची चार इंची सुरी त्यात बसत नाही.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीच्या आसपास मनाई आदेश निघतात, आणि त्यात सुरा बाळगण्यावर बंदी असू शकते. अशा दिवसांत कमरेला लावून बाजारातून फिरू नका. एसटीत जाताना म्यानात, रॉड-रीलच्या पिशवीत, खाली ठेवा. गरी-शिशाबरोबर असलेली सुरी कशासाठी आहे ते समजावून सांगावं लागत नाही. विमानाने गेलात तर केबिनमध्ये नाही, सामानात द्या.

जर्सीतला ढोमा:

न्यू जर्सीहून. इथे पुळणीवरून स्ट्राइप्ड बास धरतो. २८ ते ३१ इंचांतला नसेल तर परत सोडायचा, त्यामुळे चाकूपेक्षा मोजपट्टी आणि पक्कडच जास्त चालते. इथले जुने लोक कमरपट्ट्याला पक्कड लावतात आणि छोटी सुरी छातीवर, पिशवीच्या पट्ट्यावर. कारण विचारलं तर म्हणाले, कंबर पाण्याखाली गेली की तिथला चाकू नसल्यातच जमा. छातीवर कुठलाही हात पोचतो. म्यान प्लॅस्टिकचं, खाली पाणी जायला भोक. चामड्याचं नको, ते खारं पाणी धरून बसतं.

मूठ नारिंगी किंवा पिवळी घ्या. काळी घेऊन मी दोन हरवल्यात.

भरतीओहोटी:

सगळ्यांचे मनापासून आभार! डॉक्टरताई, इंजेक्शन खरंच राहिलं होतं, परवा घेतलं.

काय केलं ते सांगतो. स्वयंपाकघरातली १० सेंटिमीटर पात्याची, दातेरी धारेची साधी सुरी घेतली, साडेतीनशेला. मूठ पिवळी. टोक ग्राइंडरवर घासून गोल केलं. घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत होतो, तापून पातं मऊ पडू नये म्हणून. म्यान जुन्या पाण्याच्या पाइपाचं: गरम पाण्यात मऊ करून पात्यावर चपटं दाबलं, तळाला भोक. पहिलं म्यान सैल झालं, उलटं धरून झटकलं की सुरी खाली. दुसरं घट्ट बसलं. उरलेल्या पैशात साइड कटर आणि कात्री. पक्कड होतीच.

गेल्या शनिवारी घरी कोरड्यात सराव केला. घोट्याला ब्रेडचा वेढा, मुलगी दुसरं टोक ओढतेय, डाव्या हाताने सुरी काढायची आणि कापायचं. ताणलेली ब्रेड टेकवताक्षणी तुटली, सैल असताना दातांनी दोनदा ओढावं लागलं. मुलीला हा खेळ इतका आवडला की अर्धं रीळ संपलं.

रविवारी गुहागर. सहा मुडदुशा, दोन शिंगाळे (पकडीने सोडले). सुरी फक्त एकदा काढली, ढोम्याचं रक्त काढायला. कल्ल्याखाली छेद आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतली, पुसली. आज बघतो तर मुठीच्या तोंडाशी एक लाल ठिपका!

लोखंडी तवा:

पातं आणि मूठ यांच्या फटीत मीठ राहिलंय. नळाखाली धुवून भागत नाही, दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग जुन्या दातब्रशने घासा. ठिपक्यावर लिंबाची फोड आणि मीठ चोळा, लगेच धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. वर खोबरेल तेलाचं बोट. पुण्यात थंडीत ते गोठतं, तरी चालतं. म्यानात घालून ठेवू नका, म्यान वेगळं आणि सुरी वेगळी. ग्राइंडरने घासलेल्या टोकाला बारीक पॉलिश पेपर मारा, खरखरीत पृष्ठभागावर गंज आधी धरतो.

भरतीओहोटी:

मारतो. एकच शेवटचं: सुरीला दोरी बांधावी का मनगटाला अडकवायला?

तंगूस:

मनगटाला अजिबात नको. पडलात तर उघडं पातं हाताभोवती फिरत राहतं. बांधायचीच तर पिशवीच्या पट्ट्याला, आणि दोरी हात पूर्ण लांबवल्यावर ताणेल इतकीच.