मदत हवी आहे: शारजा, ओमान की व्हिएतनाम? इंग्रजीच्या शिक्षिकेच्या हातात शेवटी किती उरतं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईजवळच्या गावातली. गोवा विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं, मग बी.एड. सहा वर्षं फोंड्याच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतेय. पगार २७,५०० रुपये. अनुदानित शाळेत याच कामाला लेव्हल ७, म्हणजे ४४,९०० मूळ पगार आणि वर महागाई भत्ता मिळतो. पण तशी जागा आज निघेल उद्या निघेल म्हणता म्हणता सहा वर्षं सरली. बाबांनी घरासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचे अजून ९ लाख फेडायचे आहेत आणि धाकटा भाऊ शिकतोय. म्हणून दोन-तीन वर्षं बाहेर जाऊन यायचं ठरवलंय.

तीन ठिकाणांहून होकार आला आहे. माझा गोंधळ पगाराच्या आकड्यात नाही, पगारातून उरणार किती त्यात आहे. परवा रात्री जेवणं आटोपल्यावर भावाच्या जुन्या वहीच्या पाठच्या पानावर तीन रकाने आखले आणि जेवढं कळतं तेवढं मांडलं. तेच इथे देते. चुकलं असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

शारजातली सीबीएसई शाळा महिना ४,२०० दिरहॅम देते, त्यातच सगळं आलं, राहायची सोय नाही. दिरहॅम २४ रुपये धरला तर १ लाख ८०० होतात. हा आकडा ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. पण खोली दुसऱ्या मुलीबरोबर वाटून घेतली तरी माझ्या वाट्याला १,१०० येतील असं तिथल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलं. जेवण ७००, फोन-इंटरनेट १५०, किरकोळ २५०. उरले २,०००, म्हणजे ४८,००० रुपये.

ओमानमधली शाळासुद्धा सीबीएसईच, पण मस्कतमध्ये नाही, आतल्या गावात आहे. पगार ३८० रियाल. रियाल २३० रुपयांचा धरला तर ८७,४०० होतात, आकड्याने शारजापेक्षा कमी. पण शाळा फ्लॅट देते, दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर राहायचं. जेवण, फोन, टॅक्सी, किरकोळ असं सगळं मिळून १४० रियाल धरले. उरले २४०, म्हणजे ५५,२००. मी ही वजाबाकी तीनदा केली. पगार कमी आणि शिल्लक जास्त, हे बाबांना पटेना. त्यांनी चष्मा लावून स्वतः करून पाहिली.

व्हिएतनाममध्ये हायफाँगला भाषा शिकवणारं एक केंद्र आहे. तिथे तासाला ३ लाख ७५ हजार डोंग, आठवड्याला २२ तास, म्हणून महिन्याला ३ कोटी ३० लाख डोंग. हजार डोंगाला साधारण ३ रुपये ४० पैसे धरले तर १ लाख १२ हजार होतात. घरभाडं, जेवण, भाड्याची स्कूटर आणि किरकोळ यांना मी १ कोटी ५५ लाख डोंग धरले आहेत. उरलेल्याचे ५९,५०० रुपये होतात. कागदावर हीच जागा सगळ्यात वर आहे, आणि नेमकी हिचीच मला सगळ्यात कमी माहिती आहे.

आता अडलेले प्रश्न. शारजाच्या करारात मूळ पगार फक्त २,००० दिरहॅम आहे, बाकी २,२०० भत्ते. याने फरक काय पडतो? ओमानच्या पत्रात 'निवास' लिहिलंय, पण विजेचं बिल कुणी भरायचं ते लिहिलेलं नाही. तिथल्या उन्हाळ्यात एसीचं बिल किती येतं? व्हिएतनाममध्ये कर आणि कपाती धरून खरोखर हातात काय पडतं?

एक गोष्ट मनाला फार लागली आहे. हायफाँगच्या त्याच केंद्राच्या जाहिरातीत दोन दर होते, एक 'नेटिव्ह'साठी, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी, आणि एक बाकीच्यांसाठी. मला दुसरा दर दिला आहे. मी बी.एड. आहे, सहा वर्षं वर्गात उभी आहे, व्याकरणापासून निबंधापर्यंत सगळं शिकवलं आहे. ज्याला माझ्याहून जास्त पैसे मिळतील त्याच्याकडे कदाचित १२० तासांचं एक प्रमाणपत्र आणि योग्य रंगाचा पासपोर्ट, एवढंच असेल. हे सहन करून जायचं की नाही, हा माझा मी निर्णय घेईन, पण ज्यांनी असं काम केलंय त्यांनी वर्गात आणि स्टाफरूममध्ये कसं वाटतं ते सांगावं.

आणखी एक. पोर्तुगीज पासपोर्टचं कृपया सुचवू नका. आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडे असतानाचा आहे, कागद काढता येतील हे ठाऊक आहे. पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, आणि २०२१पासून त्या पासपोर्टावर इंग्लंडचं दारही पूर्वीसारखं उघडं राहिलेलं नाही. मला परत यायचं आहे.

शेवटचं: शारजाचं काम ज्या एजंटमार्फत आलंय तो 'फाईल आणि व्हिसा' म्हणून ८५,००० मागतोय. पावती मागितली तर म्हणाला, आधी अर्धे भरा, मग बघू. हे असंच असतं का?

ओमानच्या शाळेला येत्या रविवारपर्यंत कळवायचं आहे.

म्हापशाचा, हल्ली शारजा

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात तुमचे पैसे जातील. एक रुपया देऊ नका. भारतात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारक एजंटालाही जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना क्रमांक टाकून पाहा. आणि इथल्या कायद्याने व्हिसा आणि भरतीचा खर्च मालकानेच करायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. शाळेला सरळ ईमेल करून विचारा की तुमचा एजंट हे पैसे तुमच्या सांगण्यावरून मागतो का. बऱ्याचदा शाळेला पत्ताच नसतो.

मूळ पगाराचं असं आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. २,००० ला तीस दिवसांनी भागून २१ ने गुणा, १,४०० दिरहॅम येतात. मूळ पगार ३,००० असता तर २,१०० झाले असते. सही करण्याआधी मूळ पगार वाढवून मागा, एकूण आकडा तोच ठेवून. शाळा कधीकधी ऐकतात.

तुमच्या १,१०० मध्ये खोली मिळेल, पण कुठली ते बघून घ्या. एका हॉलचे प्लायवूड घालून चार कप्पे केलेले असतात, त्याला इथे 'पार्टिशन' म्हणतात. खिडकी नसते, आणि तपासणी आली की रातोरात खाली करायला लावतात. मुलीने तसं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नीट इमारतीत नीट खोली हवी तर १,४०० ते १,५०० धरा. पूर्ण फ्लॅट स्वतःच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर इथे वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने आगाऊ द्यावं लागतं. नव्या माणसाला ते झेपत नाही.

खरी मेख शिकवण्यांत आहे. पूर्वी इथल्या शिक्षिका संध्याकाळी घरी मुलं घेऊन पगाराएवढं मिळवायच्या. त्या हिशोबावर कुणी तुम्हाला 'ये, मजेत राहशील' म्हणालं असेल तर सावध. २०२३च्या डिसेंबरपासून खासगी शिकवणीला सरकारी परवाना लागतो, त्याशिवाय घेतली तर दंड.

चांगलंही सांगतो. शारजातल्या शाळांत सोमवार ते गुरुवार काम, तीन दिवस सुट्टी. आयकर नाही. जानेवारी २०२५पासून इथेही आरोग्य विमा मालकावर बंधनकारक झालाय. पासपोर्ट मात्र कुणाच्या हवाली करायचा नाही, तो ठेवून घेणं इथे बेकायदा आहे.

निझवाकडची शिक्षिका

बाय, मी ओमानला आतल्या गावात पाच वर्षं होते, आता डिचोलीला परत आलेय. तुझी वजाबाकी बरोबर आहे, बाबांना सांग.

विजेचं मात्र लेखी घे. मे ते सप्टेंबर एसी दिवसरात्र चालतो, त्याशिवाय झोपच येत नाही. आमच्या शाळेने वीज-पाणी दिलं होतं, शेजारच्या शाळेत ठरावीक रकमेपर्यंत देत आणि वरचं शिक्षिकांनी भरायचं. तिथे एका घरात राहणाऱ्या दोघींची त्यावरून भांडणं होत, कारण एक एसी २० वर ठेवायची आणि दुसरी २६ वर. हसू नकोस, वर्षभर एका घरात काढायचं असतं.

टॅक्सीला तू किती धरलंयस? गावात बस नाहीच म्हटलं तरी चालेल. शाळेची बस शिक्षकांना नेते का ते विचार. नेत असेल तर महिन्याला चांगले पैसे वाचतील. जेवणाला धरलेलं पुरेल. तांदूळ, नारळ, कढीपत्ता सगळं मिळतं, आणि बांगडा तर आपल्यापेक्षा स्वस्त आणि ताजा. मी तिथे रोज शीत-कडी केली.

कागदांचा फरक कुणी सांगितला नाही म्हणून सांगते. ओमान एकमेकांचे कागद मानायच्या हेग करारात आहे, त्यामुळे डिग्री आणि बी.एड.वर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का झाला की काम होतं. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, बाकी घेतात ते मधले लोक. अमिरातीला, म्हणजे शारजालाही, अपॉस्टिल चालत नाही, त्यांच्या दूतावासाचं साक्षांकन वेगळं करावं लागतं आणि त्याचे पैसे चांगलेच लागतात. हा खर्च शाळा परत देते का, दोन्हीकडे विचार.

कर आत्ता नाही. २०२८पासून ५ टक्के लागणार आहे, पण वर्षाला ४२,००० रियालच्या वर मिळकत असेल त्यांना. तुला आणि मला त्याची काळजी नको.

चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, बाबांनी विचारलं असेलच. उन्हाळ्याची मोठी सुट्टी आधीच संपते आणि चवथ ऑगस्टअखेर नाहीतर सप्टेंबरात येते. पाच वर्षांत मला एकदाच गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला घरी यायला मिळालं. मोपाच्या विमानतळावरून मस्कत तीन तासांवर आहे, अंतर काहीच नाही, पण रजा मिळत नाही. आधीच मनाची तयारी ठेव.

हनोईत तीन वर्षं

थोडक्यात. तुमचा पगार तासावर आहे. तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत केंद्र बंद असतं आणि तास शून्य. २२ तास 'धरून' लिहिलंय की किमान २२ तासांची हमी आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा, आकडा कर वजा करून आहे का? करार १२ महिन्यांचा किंवा जास्त असेल तर विम्यापोटी ९.५ टक्के कापतात, म्हणजे तुमचे ३१ लाख डोंग. वर आयकर. वर्षात १८३ दिवसांहून कमी राहिलात तर सरसकट २० टक्के. तुमचे ५९,५०० मला कुठे दिसत नाहीत. पर्यटक व्हिसावर या, वर्क परमिट नंतर करू असं म्हणाले तर येऊ नका.

दोन दरांबद्दल: मुलांना काही फरक पडत नाही, चार दिवसांत ती तुमची होतात. पालकांना पडतो. पहिल्या महिन्यात एका आईने माझा चेहरा बघून मुलाला दुसऱ्या वर्गात टाकलं होतं. सहा महिन्यांनी त्याच बाईंनी त्याला परत आणलं. दर मात्र तोच राहिला. कोरियाचंही बघून ठेवा. खासगी अकादमींसाठीचा व्हिसा सातच देशांना मिळतो, पण २०१०पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारामुळे शिक्षक म्हणून पात्र असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून अर्ज करता येतो. तुमचं बी.एड. तिथे कामाला येईल.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांना देव बरें करूं.

एजंटाचा परवाना पोर्टलवर शोधला, नाव सापडलं नाही. शारजाच्या शाळेला ईमेल केली, त्यांचं उत्तर आलं की आम्ही उमेदवारांकडून काही घेत नाही. एजंटाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो बराच वेळ रागाने बोलत राहिला, मी ऐकून घेतलं आणि ठेवला.

वहीतले रकाने पुन्हा मांडले. शारजाची खोली १,५०० धरली की शिल्लक १,६०० दिरहॅम, ३८,४०० रुपये. हायफाँग, तासांची हमी नाही असं त्यांनी आजच कळवलं, तो रकाना खोडला. ओमानचे ५५,२०० तसेच आहेत. यातले ४५,००० दर महिन्याला कर्जात घातले तर व्याज धरूनही दोन वर्षांत बरंच उरकतं.

ओमानच्या शाळेला तीन गोष्टी लेखी विचारल्या आहेत: वीज-पाण्याचं बिल, शिक्षकांना बस, आणि साक्षांकनाचा खर्च. बसचं 'हो' आलंय, बाकी दोन्हींची वाट बघतेय. निझवाकडच्या ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकला आहे. फ्लॅटमध्ये मिक्सर वगैरे असतं की इथून न्यावं लागेल, आणि नारळ खवायची अदोळी नेली तर बॅगेत अडवतात का, तेवढं सांगाल?